अर्धा उडालेला फ्यूज

तुमच्या फोनमधली मेमरी चिप कारखान्यात तयार झाली, तेव्हा ती जवळजवळ नक्कीच सदोष होती. हे वाक्य मी एकदा लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरच्या एका दुकानदाराला ऐकवलं होतं. तो काउंटरवर रॅमच्या पट्ट्या मांडून बसला होता आणि शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती. "साहेब, असं काही गिऱ्हाइकासमोर नका बोलू," तो हळूच म्हणाला.

त्याचं बरोबर होतं आणि माझंही. मेमरी चिप सदोष जन्मते, दुरुस्त होऊन विकली जाते आणि कुठे कुठे दुरुस्ती केली याची नोंद जन्मभर स्वतःजवळ बाळगते. ही नोंद ठेवणारी छोटी सर्किटं आखणं हे बरीच वर्षं माझं काम होतं. चिपच्या जाहिरातीत त्यांचा उल्लेख कधी येत नाही. ती बिघडली तरच कुणाला त्यांची आठवण होते. माझं एक सर्किट असंच बिघडलं. ती हकिगत पुढे येईलच, पण ती समजायला आधी थोडी तयारी लागेल.

आठ गिगाबिटच्या एका चिपवर साधारण ८५९ कोटी घरं असतात. प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा धरणारा एक कपॅसिटर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना या रचनेचं पेटंट १९६८ साली मिळालं आणि संगणकाची मुख्य मेमरी आजही त्याच रचनेवर चालते. हा साठा गळका असतो, म्हणून प्रत्येक घर दर ६४ मिलिसेकंदांत एकदा तरी वाचून पुन्हा भरावं लागतं. आता हिशेब करा. दहा लाखांत एकच घर बिघडलेलं निघालं, तरी एका चिपवर साडेआठ हजारांहून जास्त घरं निकामी. पूर्ण निर्दोष चिपच विकायची म्हटलं तर कारखाना पहिल्याच दिवशी बंद करावा लागेल.

म्हणून चिपवर सुरुवातीपासूनच काही ओळी जादा ठेवतात. कारखान्यात चाचणी होते, खराब घर ज्या ओळीत असेल ती अख्खी ओळ बाद होते आणि तिच्या जागी राखीव ओळ लावली जाते. चाळीतली एक खोली गळते म्हणून पूर्ण मजला रिकामा करून सगळ्यांना नव्या मजल्यावर हलवण्याचा हा प्रकार आहे. उधळपट्टी वाटते खरी, पण एकेक खोली हलवायची तर पत्त्यांची वही इतकी जाड होईल की ती ठेवायलाच दुसरी चाळ लागेल. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बेल लॅब्जने ६४ किलोबिटच्या चिपवर ही युक्ती करून दाखवली आणि पुढे ती सगळ्यांनीच उचलली.

तर पत्त्यांची ही वही ठेवायची कुठे? "अमुक क्रमांकाची ओळ मागितली तर राखीव ओळ क्रमांक तीन द्या," एवढंच त्या वहीत लिहिलेलं असतं. पण ती मेमरीच्या घरांत ठेवता येत नाही. एक तर वीज गेली की ती घरं सगळं विसरतात. दुसरं म्हणजे, ज्यांच्या दोषांची ही यादी आहे त्यांच्याच हाती ती कशी सोपवणार?

इथे फ्यूज येतो. माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. जिन्याखाली लाकडी फळीवर बेस्टचे मीटर आणि त्यांच्या खाली चिनी मातीच्या फ्यूजची रांग होती. कुणी इस्त्री आणि शेगडी एकाच वेळी लावली की रात्री जिन्यात अंधार व्हायचा, आणि मग एक काका टॉर्च घेऊन प्रत्येक फ्यूज उपसून बघायचे. ज्यातली तार वितळलेली तो गुन्हेगार. तेव्हा आम्हा मुलांना त्यात एवढंच कळायचं की उद्या कुणाच्या घरी बोलणी बसणार. आज वाटतं, ती फळी म्हणजे अगदी प्राथमिक मेमरीच होती. तार शाबूत किंवा तार तुटलेली, दोनच अवस्था. एकदा तुटली की आपोआप जुळत नाही. आणि वीज गेली तरी पुसली जात नाही.

माहिती साठवायला तार जाणूनबुजून जाळावी, ही कल्पना १९५६ साली अमेरिकेत वेन त्सिंग चाऊ यांना सुचली. ते अमेरिकन बॉश आर्मा या कंपनीत होते आणि अ‍ॅटलास क्षेपणास्त्राच्या संगणकात आकडे पक्के बसवायचे होते. जास्त प्रवाह सोडून जोडणी जाळायची, झालं काम. चिपमध्ये माहिती भरण्याला अजूनही 'बर्न करणं' म्हणतात ते तिथूनच आलं. मेमरी चिपमध्ये आधी हे काम लेझरने होई. सिलिकॉनची बारीक पट्टी नेमकी हेरून लेझरने उडवायची. पण एकदा चिप काळ्या आवरणात बंद झाली की लेझर तिथे पोचत नाही. त्यामुळे पुढे विजेनेच तोडायचे फ्यूज आले. आयबीएमने २००४ साली जाहीर केलेल्या फ्यूजमध्ये तर स्फोटही होत नाही. प्रवाहाच्या लोंढ्याबरोबर धातूचे अणू सरकत जातात आणि वाट बंद होते.

आता लॅच. साध्या मराठीत दाराची कडी. संगणकाने एखादी ओळ मागितली की तिचा पत्ता बाद ओळींच्या यादीशी ताडून बघावा लागतो, आणि त्यासाठी हातात काही नॅनोसेकंद असतात. तेवढ्यात हजारो फ्यूज तपासत बसणं शक्य नाही. काकांनी दर वेळी टॉर्च घेऊन जिना उतरायचा म्हटलं तर कसं होईल? म्हणून चिप चालू होताना प्रत्येक फ्यूज एकदाच वाचतात आणि उत्तर त्याच्या शेजारच्या लॅचमध्ये धरून ठेवतात. त्यापुढे सगळे त्या लॅचलाच विचारतात. ब्रिटनमध्ये एक्ल्स आणि जॉर्डन यांनी १९१८ साली दोन निर्वात नळ्या वापरून हे सर्किट बांधलं. तत्त्व आजही तेच आहे. दोन भाग समोरासमोर, प्रत्येकाने दुसऱ्याच्या उलट बोलायचं. एकाने 'हो' म्हटलं की दुसरा 'नाही' म्हणतो, आणि ते 'नाही' ऐकून पहिला आपल्या 'हो'वर आणखी ठाम होतो. चाळीतल्या काही भांडणांइतकंच हे स्थिर असतं. बाहेरून कुणी जोरात ढकलल्याशिवाय बदलत नाही.

लॅचची उणीव एकच. वीज गेली की ती विसरते. (जुनी यंत्रं यात वरचढ होती. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकात ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे ८१,९२० चुंबकी कड्या. चुंबकाला वीज असली काय, नसली काय.) तेव्हा चिपमध्ये दोघांची जोडी असते. फ्यूजला कायमचं आठवतं पण त्याला विचारायला वेळ लागतो. लॅचला चटकन सांगता येतं पण तिची आठवण तात्पुरती.

माझं काम या दोघांच्या मधलं होतं: फ्यूज वाचायचा, आणि तोही कमीत कमी विजेत.

सगळ्यात सोपं सर्किट असं. फ्यूजचं एक टोक जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला. दुसऱ्या टोकाला वरून एक दुबळा ट्रान्झिस्टर सतत वर ओढतोय. फ्यूज तुटलेला असेल तर ते टोक वरच राहतं. शाबूत असेल तर फ्यूज त्याला खाली खेचतो. वाचायला एकदम सोपं. पण शाबूत फ्यूजमधून प्रवाह वाहतच राहतो, दिवसरात्र. आणि बहुतेक फ्यूज शाबूतच असतात. समजा एका फ्यूजमागे एक मायक्रोअँपिअर आणि चिपवर पाच हजार फ्यूज, तर झाले पाच मिलिअँपिअर. तेही काहीच न करता! फोन उशाशी झोपलेला असताना अख्ख्या मेमरी चिपने मिळून एवढं खाल्लं तरी डिझायनरची झोप उडते. इथे तर ती नुसत्या पत्त्यांच्या वहीची भूक झाली.

उपाय सांगायला सोपा आहे. वाचन तीन पायऱ्यांत करायचं. पहिल्यांदा वरचा ट्रान्झिस्टर क्षणभर उघडून ते टोक वर चढवायचं आणि लगेच बंद करायचा. मग क्षणभर फ्यूजची वाट उघडायची. शाबूत असेल तर चढलेली वीज त्यातून ओघळून जाईल, तुटका असेल तर जागच्या जागी राहील. शेवटी फ्यूजची वाटही बंद करायची आणि लॅचला आपल्या मताशी एकटं सोडायचं. आता सतत वाहणारा प्रवाह नाही. उरते ती फक्त ट्रान्झिस्टरची गळती. ती एका लॅचमागे एक नॅनोअँपिअर धरली तर पाच हजारांची मिळून पाच मायक्रोअँपिअर, आधीच्या हजारावा भाग.

अडचणी इथून पुढे. पाच हजार फ्यूज एका दमात वाचायचे आणि त्या क्षणी प्रत्येकाने पन्नास मायक्रोअँपिअर ओढले, तर पाव अँपिअरचा झटका बसतो, आणि तोही वीज जेमतेम वर चढत असताना. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली होती ते आठवत असेल. परत आली ती टप्प्याटप्प्याने. एकदम सोडली असती तर बंद पडलेले सगळे फ्रीज, पंप आणि एसी एकाच क्षणी तोंड उघडून बसले असते. फ्यूजही तसेच गटागटाने वाचतात. हल्लीच्या चिपमध्ये बहुतेक वेळा ते एका जागी गोळा करून, एकामागून एक वाचून, उत्तरं दूरच्या लॅचपर्यंत पोचवतात.

मग गळती. ही कडी चालू होताना एकदाच लावायची असते. तिला घाई नाही. म्हणून तिचे ट्रान्झिस्टर मुद्दाम लांबट आणि सुस्त ठेवता येतात. सुस्त ट्रान्झिस्टर कमी गळतो. यातला एक ट्रान्झिस्टर महत्त्वाचा आहे. फ्यूज तुटलेला असताना ते वरचं टोक वर टिकवून ठेवणं हे त्याचं काम. आम्ही त्याला राखणदार म्हणायचो. राखणदार जितका दुबळा, तितकी शाबूत फ्यूजला त्याच्याशी कमी झटापट करावी लागते आणि तितकी वीज वाचते. मी त्याला दुबळा केला, मग आणखी दुबळा केला. आकडे इतके देखणे आले की बैठकीत मी ते पुन्हा पुन्हा दाखवले.

चिप बाजारात गेली. काही महिन्यांनी थंड मुलखातल्या एका ग्राहकाकडून तक्रार आली. सकाळी यंत्र पहिल्यांदा चालू केलं की मेमरीत चुका येतात. बंद करून पुन्हा चालू केलं की येत नाहीत. त्या चिप आमच्याकडे परत आल्या, तपासल्या, सगळ्या उत्तीर्ण. कंपनीत अशा वेळी पहिलं बोट चाचणी विभागाकडे जातं. तिथे नुकतीच लागलेली एक मुलगी होती, डोंबिवलीची. चाचणी नीट केली होती का, कुठली पायरी गाळली का, हे तिला तीन वेगवेगळ्या बैठकांत विचारलं गेलं. त्यातल्या एका बैठकीत मीही होतो. मी तिला विचारलं नाही, पण गप्प बसलो होतो, हे लिहायला हवं.

तिने आपल्या बचावाचं काही म्हटलं नाही. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, ही चिप गरम असली की खरं बोलते." तिने चिप शून्याच्या खाली थंड केली होती आणि वीज एकदम न देता सावकाश चढवली होती. बाद केलेल्या ओळींपैकी एक परत जिवंत झाली होती. म्हणजे एक उडवलेला फ्यूज 'मी शाबूत आहे' असं सांगत होता.

झालं होतं ते असं. तो फ्यूज अर्धाच उडाला होता. तुकड्यांमध्ये थोडा अवशेष राहिला होता आणि त्यातून किंचित प्रवाह जात होता. शाबूत फ्यूजच्या मानाने नगण्य, पण शून्य नाही. आमच्या चाचणीच्या उबदार खोलीत राखणदार त्याला पुरून उरायचा. थंडीत मात्र ट्रान्झिस्टर उघडायला जास्त व्होल्टेज लागतं. वीज सावकाश चढत असताना, व्होल्टेज अजून पुरतं वर आलेलं नाही अशा क्षणी, माझं सर्किट फ्यूज वाचायचं. आधीच मी दुबळा केलेला राखणदार त्या घटकेला जवळजवळ झोपलेला असायचा. अवशेषातली ती ओघळ जिंकायची, आणि लॅच, जी एकदा ठरवलं की ऐकत नाही, ती दिवसभर चुकीच्या मताला चिकटून राहायची. यंत्र तापल्यावर पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. चाचणीत कसूर नव्हती. मी वाचवलेली वीज त्या सकाळच्या चुकांनी वसूल केली होती.

मुंबईत वाढलेल्या माणसाची थंडीची कल्पना जानेवारीत पंखा एक घर कमी करण्यापलीकडे जात नाही, असं मी तेव्हा गमतीने म्हटलं. खरं तर ती सबब होती. थंडीतली गणितं मीही केली होती, पण फ्यूज एक तर पूर्ण तुटलेला किंवा पूर्ण शाबूत, असं धरून. अर्धा तुटलेला फ्यूज माझ्या कागदावर नव्हताच.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. व्होल्टेज पूर्ण वर येऊन स्थिरावल्याशिवाय फ्यूज वाचायचे नाहीत, ही पहिली. दुसरी तिची सूचना होती, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. कारखान्यातल्या चाचणीपुरता राखणदाराला मुद्दाम आणखी दुबळा करता येईल अशी सोय चिपमध्येच ठेवायची. त्या कडक परीक्षेतही जो फ्यूज 'तुटलेला' म्हणून वाचला जाईल तोच खरा तुटलेला. जो डळमळेल तो पुन्हा उडवायचा, नाहीतर चिप फेकायची. अशी कडक परीक्षा मेमरीच्या धंद्यात काही नवी नव्हती. मीच वीज आणि जागा वाचवताना ती गाळली होती. मग राखणदार थोडा धट्टाकट्टा केला. विजेचा आकडा थोडा वाढला. या वेळी तो मी बैठकीत एकदाच दाखवला.

फ्यूज तोडण्याऐवजी जोडण्याचा एक मार्गही आहे आणि हल्ली मेमरीत तोच जास्त चालतो. त्याला अँटिफ्यूज म्हणतात. त्याचं उदाहरण दिवाळीत तुमच्या खिडकीत लटकत असण्याची शक्यता आहे. लोहार चाळीतून आणलेल्या जुन्या पद्धतीच्या बारीक दिव्यांच्या माळेत सगळे दिवे एकापुढे एक जोडलेले असतात. एक गेला की माळ विझायला हवी. पण बऱ्यापैकी माळेतल्या दिव्यात तारेच्या बुडाशी आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. दिवा धड असेपर्यंत तो थर वीज अडवतो. दिव्याची तार तुटली की माळेचं सगळं व्होल्टेज त्या एका दिव्यावर येतं, थर फुटतो आणि वाट मोकळी होते. तो दिवा विझलेलाच राहतो, बाकीची माळ पुन्हा पेटते.

चिपमधला अँटिफ्यूजही असाच. आधी वीज अडवणारा थर, जास्त व्होल्टेज देऊन फोडला की वाहक. वीज वाचवणाऱ्याच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. बहुतेक अँटिफ्यूज न फोडलेलेच राहतात आणि न फोडलेल्यातून प्रवाह जातच नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारी अवस्थाच सगळ्यात स्वस्त. अडचण फोडण्याची आहे. ट्रान्झिस्टरमधलाच ऑक्साइड वापरला तर तो फोडायला चिपच्या नेहमीच्या व्होल्टेजपेक्षा बरंच जास्त लागतं. गिरगावात वरच्या मजल्यावर पाणी चढवायला पंप बसवतात तसा चिपवर व्होल्टेज चढवणारा पंप बसवावा लागतो. तो जागा खातो आणि वीजही.

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदयन गांगुली यांच्या गटाने नेमक्या याच ठिकाणी हात घातला. त्यांनी ट्रान्झिस्टरचा ऑक्साइड न वापरता, वेगळा, अतिशय पातळ असा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर चढवला. तो कमी व्होल्टेजला फुटतो, त्यामुळे पंपाची गरज उरत नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत, १८० नॅनोमीटरच्या उत्पादन प्रक्रियेत, हे तंत्र बसवलं गेलं. २०२१ च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या आल्या. मेमरी होती आठ बिटांची. ८५९ कोटींच्या जगात आठ बिट म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखा आकडा, आणि काही जणांनी नेलाही. पण इथे काम साठवणुकीचं नाही. कारखान्यातून निघालेल्या चिपमध्ये कुठे थोडं जास्त व्होल्टेज येतं, कुठे थोडं कमी. ते मोजून, नेमकी दुरुस्ती चिपमध्ये कायमची टिपून ठेवायची, यालाच हे बिट हवे असतात, आणि त्याला मूठभर पुरतात. ही सोय देशातल्या कारखान्यात आली म्हणजे तिथे बनलेली जरा वाकडी चिपही सरळ करून वापरता येते.

अर्धं फुटणं अँटिफ्यूजलाही चुकलेलं नाही. थर कधी कधी पुरता फुटत नाही, नुसती बारीक चीर जाते आणि तिच्यातून जेमतेम प्रवाह झिरपतो. फक्त इथे सगळं उलटं होतं. फोडलेला अँटिफ्यूज न फोडलेल्यासारखा वाचला जाण्याची भीती असते, आणि कडक परीक्षेत राखणदाराला दुबळा नाही, जास्त जोरकस करावं लागतं.

आयआयटीची बातमी वाचली तेव्हा मी त्या डोंबिवलीच्या मुलीला फोन केला. मुलगी कसली, आता तिच्या हाताखाली पूर्ण चाचणी विभाग आहे. मी उत्साहाने थर, व्होल्टेज, पंप सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"थंड करून वाचलेत का, सर?" तिने विचारलं.